पहिला नंबर

गल्लीत सगळे त्यांना कुलूपराव म्हणत. उभा जन्म गोदामाच्या किल्ल्या सांभाळण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचंच गोदाम केलं. दाराला दोन कुलपं, वर अडसर. आत चोरण्यासारखं काय आहे, हे एखाद्या चोराने सांगितलं असतं तर बायकोलाही कळलं असतं.

दोन वर्षांपूर्वी मुलगा उशिरा आला, तेव्हा त्यांनी अडसर काढलाच नाही. मुलगा पायरीवरूनच परत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूपही बदललं. तेव्हापासून मुलगा फक्त आईशी फोनवर बोले. बापाने फोन उचलला की पलीकडून ठेवला जाई.

आता अलार्मची पेटी आली. मेकॅनिकने टेलिफोनची तार आधी पेटीत नेली, मग तिथून फोनला जोडली.

"काका, पुढचं-मागचं कुठलंही दार उघडलं की भोंगा वाजेल आणि पेटी आपणहून फोन लावेल. तुमच्याच आवाजात निरोप देईल. पलीकडच्याने एखादा आकडा दाबेपर्यंत गप्प बसायची नाही."

"म्हणजे ऐकणार काही नाही, नुसती बोलत राहणार," बायको म्हणाली. "त्याला हे होते की घरात!"

"अगं, तू आत जा."

"पहिला नंबर कोणाचा टाकू?" मेकॅनिकने विचारलं.

कुलूपरावांनी भिंतीकडे बघत मुलाचा नंबर सांगितला. एका दमात. आत निघालेली बायको थांबली.

मग घसा खाकरून, हमालांना हाक मारावी तसं ते पेटीला म्हणाले, "घरात चोर शिरलाय. लगेच ये."

मेकॅनिकने चाचणी घेतली. पेटीतून मुलाचा आवाज आला. "हॅलो? आई?"

"घरात चोर शिरलाय. लगेच ये."

"बाबा, तुम्हाला काही केलं नाही ना त्याने? आई कुठंय?"

"घरात चोर शिरलाय. लगेच ये."

"काका, फोन उचला, चाचणी आहे म्हणून सांगा."

कुलूपरावांचा हात रिसीव्हरवर गेला आणि तिथेच राहिला. पलीकडून फोन कट झाला.

"मी सांगते त्याला," बायको म्हणाली.

"राहू दे. यंत्राची पुरती परीक्षा होऊ दे."

मेकॅनिक पेटी चालू करून गेला. कुलूपराव पुढच्या दाराकडे तोंड करून बसले. मध्येच उठून त्यांनी अडसर काढला, पुन्हा बसले. मागच्या दाराची कडी बायकोने कधीच काढून ठेवली होती.

बाहेर कुलपात किल्ली खरखरली. जुनी, लागेना. कुलूपराव उठेपर्यंत पावलं मागच्या बाजूला धावली, स्वयंपाकघराचं दार ढकललं गेलं आणि भोंग्याने गल्ली डोक्यावर घेतली. मुलगा हेल्मेट उगारून आत उभा होता. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो सवयीने कानाला लावला.

"घरात चोर शिरलाय. लगेच ये."

"आकडा दाब!" कुलूपराव ओरडले.

"कुठला?"

"कुठलाही दाब!"

"नको रे, इतक्यात नको," आई म्हणाली. "दोन वर्षांनी बोलावतायत. बोलावू दे."