भरमूअण्णांचा यूफोनियम

निपाणीच्या बँडात देवाप्पा ट्रंपेट वाजवायचा आणि भरमूअण्णा यूफोनियम, पोटाशी धरून फुंकायचं मोठं पितळी वाद्य. मिरवणुकीत लोकांच्या माना ट्रंपेटकडं वळायच्या. पण खालून अण्णांचा तो जाड, भरलेला सूर नसला, तर आपलं वाजवणं उघडं पडतं, हे देवाप्पाला वीस वर्षं ठाऊक होतं.

शहाऐंशी सालापर्यंत बँडातल्या अकरा जणांतले चारच उरले. कुणी मच्छे गावच्या कारखान्यात लागलं, कुणी शिकून बेळगावात कारकून झालं. म्हणून मालक मारुतीरावांनी मुंबईहून एक कीबोर्ड आणला आणि देवाप्पाच्या हाती दिला. माईकसमोर वाद्य वाजवलं की त्याचा आवाज यंत्रात भरला जाई. मग पट्ट्या दाबून त्याच आवाजात गाणं वाजवता येई. असे चार आवाज त्यात मावत.

त्याच सुमारास भरमूअण्णांच्या जबड्यात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन ठरलं. पुन्हा फुंकता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

"जायच्या आदी माझा आवाज भरून घे," अण्णा देवाप्पाला म्हणाले.

दुपारी बुद्धविहारात दोघंच बसले. देवाप्पानं ट्रंपेटचे तीन आवाज आधीच भरले होते. चौथ्या जागेसाठी अण्णांनी छाती भरून घेतली आणि होता नव्हता तेवढा दम लावून सूर काढला. देवाप्पानं पट्ट्यांवर डाव्या हातानं यूफोनियम, उजव्या हातानं ट्रंपेट वाजवून पाहिला. दोन्ही आवाज एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. त्यानं यूफोनियमच्या आवाजाचं बटण कमी केलं.

"लांबनं कोन वराडल्यागत वाटतंय रं," अण्णा म्हणाले.

"व्हय अण्णा. बटणानं आवाज ल्हान हुतोय, पर मऊ हुईत न्हाय. हळू फुकल्यावर सूरच येगळा निघतोय."

"मग हळू फुकल्यालाबी भर की."

"जागा न्हाय. तीन तर माझ्याच ट्रंपेटनं खाल्ल्यात."

मग देवाप्पानं आपले दोन आवाज पुसून टाकले. उरलेला एक नव्यानं भरला, तोही माईकपासून लांब, भिंतीकडं तोंड करून, म्हणजे धार कमी होईल. मोकळ्या झालेल्या जागी अण्णांनी एकदा बेतानं फुंकलं आणि एकदा अगदी हळू. हळू फुंकताना जबडा ठणकून श्वास तुटत होता. "ऱ्हाऊ दे अण्णा," देवाप्पा म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि परत वाद्य ओठाला लावलं. पाचव्या खेपेला सूर सरळ आला.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला अण्णा आले तेव्हा अर्धा चेहरा बांधलेला होता, बोलता येत नव्हतं. गाड्यावर कीबोर्डशेजारी ते बसले. त्यांना ऐकू यावं म्हणून देवाप्पानं पहिल्या गाण्यापासून यूफोनियमचा सगळ्यात मोठा आवाज लावला होता. चौकापर्यंत अण्णांनी ऐकून घेतलं. मग हात पुढं करून स्वतःच हळू फुंकलेल्या आवाजाचं बटण दाबलं. यूफोनियम खाली बसला, ट्रंपेट त्याच्यावर उभा राहिला, आणि कितीतरी वर्षांनी पुरा बँड वाजतोय असं देवाप्पाला वाटलं. त्यानं अण्णांकडं बघितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

त्यानंतर वाजवायच्या प्रत्येक सुपारीला अण्णा गाड्यावर असत. कुठं कुठला आवाज लावायचा ते तेच ठरवत. थंडीत दुखणं उलटलं आणि ते गेले.

पुढच्या एप्रिलात मिरवणूक त्यांच्या गल्लीत शिरली. दारात उभी असलेली त्यांची बायको सोनुबाई सूर कानावर पडताच आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी देवाप्पा तिच्याकडं गेला.

"वैनी, अण्णांचा आवाज पुसून टाकू?"

"नगं भावजी, ऱ्हाऊ दे त्यो," ती म्हणाली. "पर माझ्या दारातनं जाताना वाजवू नगासा."

तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी आलं की देवाप्पा डावा हात उचलून घेई. नुसता ट्रंपेट पुढं जाई. यंत्र बिघडलं काय, असं लोक विचारत. कोपरा ओलांडल्यावर हात पुन्हा पट्ट्यांवर येई, पण पहिले दोन-चार सूर त्याचे हमखास चुकत.