ताईनं खरं सांगितलं होतं

माझी थोरली बहीण नर्स होती. जानेफळच्या आसपासच्या खेड्यांत तिची सगळी नोकरी गेली. रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी लोक तिला सिस्टरच म्हणतात. मी एसटीत कंडक्टर होतो, चिखलीला घर केलं. आमच्या दोघांत सात वर्षांचं अंतर. आई मजुरीला जायची, त्यामुळे मला वाढवलं ते जास्त करून ताईनंच. तरी लहानपणी मला कायम वाटायचं, की हिला माझ्याबद्दल माया नाही.

एकदा मी विहाराच्या भिंतीवरून पडलो आणि हात वाकडा झाला. बाया जमल्या, आईनं हंबरडा फोडला. ताई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "बोटं हलव."

मी नुसता रडत होतो.

"रडू नको असं मी म्हणत नाही. रडत रडत हलव."

मी हलवली. तिनं दप्तरातली पट्टी काढली, लुगड्याची चिंधी फाडून हात बांधला आणि मला जीपमध्ये घालून साखरखेर्ड्याला दवाखान्यात नेलं. वाटेत तिनं मला एकदाही कुरवाळलं नाही. खड्ड्यांत हात हलू नये म्हणून ती सबंध रस्ता तो दोन्ही तळव्यांवर तोलून बसली होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

ताईचं लग्न झालं होतं. दोन वर्षांत ती परत आली. का आली ते तिनं कोणाला सांगितलं नाही, आणि नंतर पुन्हा लग्नाचा विषय काढू दिला नाही.

गावात तिचा दरारा होता, पण दारात माणसं असायचीच. मी एकदा तिच्याकडे गेलो असताना एक म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली. सून सारखी चक्कर येऊन पडायची. म्हातारीचं म्हणणं, हिला बाहेरचं काहीतरी लागलंय. ताईनं त्याला नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. ती विचारत गेली. कोणत्या वेळी पडते? पडायच्या आधी काय करत असते? घरात माणसं किती? जेवायला आधी कोण बसतं, मग कोण? सून सगळ्यात शेवटी बसते, हे म्हातारीच्याच तोंडून निघालं. तेव्हा भाजीचं भांडं रिकामं झालेलं असायचं.

"पंधरा दिवस हिले सगळ्यायच्या आधी वाढा," ताई म्हणाली. "दूध, गूळ, फुटाणे द्या. या गोळ्या देते त्या बी द्या. मग पाहू कोण लागलं ते."

म्हातारी खजील झाली. सून मात्र ताईकडे पाहत राहिली. त्या दोघी गेल्यावर मी म्हणालो, "तिले जरा धीर द्यायचा ना. बिचारी रडायला आली होती."

ताई म्हणाली, "धीरानं रगत वाढते का?"

मी हसलो होतो. पण मनात म्हणालो, ही बाई डोक्यानं हुशार, काळजानं कोरडी.

माझ्या बायकोला तसं कधीच वाटलं नाही. तिचं आणि ताईचं चांगलं जमायचं. ती म्हणायची, "ताई विचारतात तवा मले बरं वाटते. बाकीचे नुसते अरेरे करतात आन् चहा पिऊन जातात."

बायकोचं दुखणं दिवाळीनंतर सुरू झालं. आधी पोटात दुखायचं, मग पाठीत. जेवण तुटलं, अंगावरचे कपडे ढिले झाले. एका सकाळी मला तिच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला आणि मी ताईला फोन केला. ती पहिल्या गाडीनं आली. तिनं विचारायचं ते सगळं विचारलं, पोट दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम शांत झाला. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, आणि तो लिव्हरपर्यंत गेला होता.

दवाखान्याच्या बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. तिथं बसून ताईनं रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्मा काढून मला म्हणाली, "दोन महिने. फार तर तीन. डॉक्टरशी मी बोलली. आता कुठं बी नेलं तरी यात फरक पडत नाही. तिले घरीच ठेव. दुखणं दाबायचं औषध भेटते, ते मी आणते. मी राहायले येते. आन् तिले काय पाहिजे ते तिलेच विचार."

ती गाडीचं वेळापत्रक सांगावं तशी सांगत होती. माझे कान गरम झाले.

"मी तिले औरंगाबादले नेतो," मी म्हणालो.

"नेऊन काय होईल? कशासाठी नेतो ते तर सांग."

"तू माही बहीण हायेस का कोण हायेस? तुह्या तोंडातून हे निघतेच कसं?"

"कोणी तरी सांगायलेच पायजे."

तेव्हा मी ते बोललो. "तुले ना नवरा, ना लेकरू. तुले काय समजते यातलं?"

ताईनं रिपोर्टची घडी घातली, पाकिटात ठेवली आणि पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या बायकोजवळ बराच वेळ बसली होती. मी गाडी ठरवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा वाटलं होतं, पुन्हा वाद होणार. पण ताई एवढंच म्हणाली, "ने. मी घराकडे पाहते." मला वाटलं, मी जिंकलो.

औरंगाबादला एका मोठ्या दवाखान्यात आम्ही तेवीस दिवस होतो. पहिले काही दिवस वॉर्डात, मग आयसीयूत. वॉर्डात असताना बायको एकदा म्हणाली, "आता घरोघर सोले सोलत असतील." थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा आल्या की अंगणात उन्हाला बसून दाणे काढायचं काम तिला फार आवडायचं. मी म्हणालो, "बरी झाली की जाऊ." तिनं मान हलवली आणि माझ्या शर्टाचं तुटकं बटण पाहत म्हणाली, "हे लावून घ्या कोणाकडून तरी."

आयसीयूत दिवसातून दोनदा भेटू द्यायचे. नाकात नळी, हाताला पट्ट्या. बोलता यायचं नाही, ती फक्त माझं मनगट धरायची. ती गेली तेव्हा दुपार होती आणि मी खाली औषधांच्या रांगेत उभा होतो. माझा नंबर येत आला होता. शेजारच्या माणसानं सांगितलं की माईकवर तुमच्या पेशंटचं नाव घेऊन राह्यले. मी वर जाईपर्यंत तिचा चेहरा झाकला होता.

गाडीतून तिला चिखलीला आणलं. ताई दारात उभी होती. घर झाडलेलं, सतरंज्या टाकलेल्या, नातेवाइकांना निरोप गेलेले. ताईनं तिचे केस विंचरले, पांढरी साडी नेसवली. वंदना म्हणताना तिचा आवाज सगळ्यांत सरळ होता. मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत गेलो. भिंतीला एक नवा लोखंडी पाइप बसवलेला होता. कमरेच्या थोडा वर, आडवा. खाली पाय घसरू नये म्हणून रबराची जाड पट्टी अंथरली होती. मला आधी कळेना. मग मी बाहेर आलो आणि घर नीट पाहिलं. आमची खाट खिडकीशी सरकवली होती, जिथून अंगण दिसतं. खाटेच्या पायांखाली विटा देऊन ती उंच केली होती, म्हणजे आजारी माणसाला उठताना वाकावं लागू नये. उंबऱ्याला लाकडाचा उतार ठोकला होता.

मी ताईला विचारलं, "हे कवा केलं?"

"तुम्ही गेले त्या आठवड्यात. शेजारची बाई तिच्याच उंचीची हाये. तिले उभं करून माप घेतलं." ती कुकर घासत होती. "तू कंटाळून तिले घेऊन येशील असं वाटलं होतं. आली असती तर लागलं असतं."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. घरात आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी तिला म्हणालो, "तू सांगितलं होतं. एकदा म्हण तरी, की मी सांगितलं होतं."

"म्हणून काय होईल?"

"मी चुकलो का, एवढं सांग."

दुसऱ्या कोणी 'नाही चुकलास' म्हटलं असतं. ताई म्हणाली, "हाव. चुकला. पण मी बी चुकली. तुले महिने मोजून सांगितले आन् उठली. पहिले तुह्याजवळ बसायले पायजे होतं. सांगायचं काय ते मले समजते, पण कसं ते नाही समजत. नोकरीत बी हेच झालं माह्यावालं."

मग तिनं मला ते सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. मी गाडी ठरवायला गेलो होतो त्या संध्याकाळी माझ्या बायकोनं ताईला विचारलं होतं, "ताई, खरं सांगा." ताईनं खरं सांगितलं. ही भिंतीकडे वळून म्हणाली, "मले घरीच राहायचं होतं. पण आपण काहीच केलं नाही असं त्यायले जन्मभर वाटत राहील. जाऊ द्या मले. तेरवीपर्यंत तरी त्यायले सांगू नका."

"तिचा जीव होता, तिनं ठरवलं," ताई म्हणाली. "म्हणून मी गप्प राह्यली. तिनं तेरवीपर्यंत तरी सांगू नका म्हटलं होतं. आपल्या बौद्धायत तेरवी नसते हे बी ती इसरली होती." एवढं बोलून ताईनं पदर तोंडाला लावला. मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होतो, आणि मला तिच्याजवळ सरकता आलं नाही. दोन हात अंतरावर बसून होतो.

मग मी म्हणालो, "त्या दिवशी बाकावर मी जे बोललो..."

"तू भेला होता. मी मनात धरलं नाही," ती म्हणाली. मग नाक पुसून, हिशेब चुकू नये तसं, तिनं पुढचं जोडलं. "लागलं मात्र होतं."

याला आता सहा वर्षं झाली. मीही रिटायर झालो. ताईला मी किती वेळा म्हटलं, की चिखलीला ये, एकत्र राहू. तिनं नकार दिला. तिच्या घरापासून दवाखाना जवळ, ओळखीची माणसं जवळ, आणि म्हाताऱ्या माणसानं जागा बदलली की तो पडतो, असं तिचं म्हणणं. 

मी दर गुरुवारी तिच्याकडे जायचो; गेल्या पावसाळ्यात एकदा मी निघताना ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "तू गुरुवारी येतो, त्यापेक्षा रविवारी येत जा."

"काऊन?"

"बाकीच्या दिवशी कोणी ना कोणी दुखणं घेऊन येते. रविवारी कोणीच येत नाही. दिवस जात नाही मग."

तेव्हापासून मी रविवारी जातो. ती भाकरी टाकते, मी कांदा चिरतो. फार बोलणं होत नाही. चारच्या गाडीनं परत फिरतो, आणि ती गाडी वळेपर्यंत उभी असते.