खरवडीचा मानकरी

अत्यंत गंभीरपणे जाहीर करतो की, बावीस वर्षांच्या संसारात माझा म्हणून एकच हक्क शिल्लक होता: दुधाच्या पातेल्याच्या तळाची खरवड! वर चिमूटभर साखर टाकायची, चमच्याने खर्र खर्र खरवडायचं आणि बोरिवलीत बसल्या बसल्या स्वर्गात पोचायचं.

तोही हक्क गेला. माझा मेहुणा सुहास साकीनाक्याला ज्या वर्कशॉपमध्ये होता ते बंद पडलं आणि महिन्यापूर्वी तो आमच्याकडे राहायला आला. बिचारा भारी संकोची. सगळ्यांची जेवणं झाल्यावर बसणार आणि म्हणणार, "ताई, मला उरलंसुरलं चालेल गं." आणि उरलंसुरलं म्हणून उचलणार काय? पातेलं! (मी हसून "घे रे, घे!" म्हणायचो. आतून माझीच खरवड निघत होती.)

वाट लावली ती एका काळ्या माशाने. लेकीच्या, मिनीच्या, काचेच्या टाकीतलं शेवाळ खायला तो आणलेला. पण काम शून्य! रविवारी मी स्पीकर लावून फिशवाल्याला फोन केला.

"अहो, महिना झाला, नुसता तळाशी पडून असतो! सगळ्यांचं झालं की उरलेलं चाटूनपुसून खातो. घेऊन जा याला!"

वळलो, तर मागे सुहास. हातात त्याची कायम भरूनच ठेवलेली बॅग!

"येतो भावोजी. न्यायला कशाला कोणी पाहिजे? मीच जातो ना."

"अरे, मी माशाबद्दल बोलतोय!"

"राहू द्या. कळतं मला."

"मासा रे, मासा! तुझ्याबद्दल बोलायचं असतं तर खरवडीचं नसतो का बोललो?"

(झालं! निघायचं ते तोंडातून निघालंच.)

"शी!" बायको कडाडली. "माझ्या भावाच्या तोंडातली खरवड मोजता?"

सुहास मात्र थक्क. "भावोजी, ती तुम्हाला हवी असते? मला तर करपलेल्या दुधाच्या वासानेच मळमळतं! म्हटलं, घरात कोणालाच नको ते आपण संपवावं. महिनाभर नाक दाबून गिळतोय!"

मी त्याची बॅग हिसकावली आणि थेट माळ्यावर फेकली. "आजपासून आमच्याबरोबर जेवायला बसायचं. नोकरी लागली तरी!"

त्याचे डोळे भरून आले. माझेही आले असते. पण तेवढ्यात ओट्यावरचं पातेलं दिसलं आणि मी ते घेऊन जमिनीवर फतकल मारली. खर्र, खर्र!

फोन अजून चालूच होता. "साहेब, नेमकं कोणाला न्यायचंय?" फिशवाल्याने विचारलं.

माझ्याकडे बघत मिनी ओरडली, "काका, तळाशी खाणारे दोन आहेत! येताना मोठी पिशवी आणा!"