समोरचीचं कासवप्रेम

आमच्या समोर राहणाऱ्या बाईला कासवं आवडतात. किती, ते तिच्या घरात पाऊल टाकलं की कळतं. दारात कासवाच्या आकाराचं पायपुसणं, सोफ्यावर कासवाच्या दोन उशा, फ्रिजवर कासवांची मॅग्नेटं आणि हॉलच्या कोपऱ्यात काचेच्या वाडग्यात पाण्यात बसवलेलं पितळी कासव. त्याचं तोंड उत्तरेला हवं म्हणतात. पण इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, मग उत्तर कुठली धरायची, यावर आमच्या स्कोफिल्ड्स उपनगराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालली होती. आयटीत मोठमोठ्या पदांवर असलेली माणसं गंभीरपणे मतं देत होती. मी ती वाचत होते आणि मनातल्या मनात प्रत्येकाचे मार्क कापत होते.

मी मूळची वसईची. वेस्टमीडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. आमच्या वाडीतल्या विहिरीत बाबांनी एक कासव सोडलं होतं, पाण्यातले किडे खावेत म्हणून. त्याला कोणी नाव दिलं नव्हतं. बादली त्याच्या पाठीवर आपटली तर आई म्हणायची, "सरक रे." एवढाच संबंध. कासवावर प्रेम करायचं असतं, हे मला इथे येऊन कळलं.

समोरची (मी मनात तिला असंच म्हणते) पुण्याची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. मध्यंतरी ती नवऱ्याबरोबर क्वीन्सलँडला समुद्रकासवं बघून आली आणि आल्या आल्या तिने आम्हा चार बायकांना चहाला बोलावून व्हिडिओ दाखवला. टीव्हीवर काळोख होता. काळोखात काहीतरी आणखी काळं हलत होतं. दर दोन मिनिटांनी ती सांगायची, "इथे मी रडले." बाकीच्या बायका "हो ना, किती गोड" म्हणत होत्या. मी बिस्किटं खात होते.

त्यानंतरच्या नोव्हेंबरमधली ही गोष्ट. दोन दिवस पाऊस पडून गेला होता. आमच्या एस्टेटच्या मागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं एक तळं आहे, त्यात लांब मानेची कासवं राहतात. शनिवारी दुपारच्या शिफ्टला मी निघाले, तर समोरचीच्या लॉनवर सात-आठ जण गोल करून उभे. मधे एक कासव. जेवणाच्या ताटाएवढं, काळपट, आणि मान अशी लांब की ती आत ओढता येत नसल्यासारखी कवचाखाली बाजूला दुमडून ठेवलेली.

"सो क्यूट ना?" असं म्हणत समोरचीने ते दोन्ही हातांनी उचललं. कासवाने ताबडतोब तिच्या कुर्त्यावर पाणी सोडलं. त्या पाण्याला असा वास होता की सगळे दोन पावलं मागे सरले. तिने मात्र कासव सोडलं नाही.

"घाबरलंय बिचारं," ती म्हणाली.

"हरवलंय," तिचा नवरा म्हणाला. "तळ्याचा रस्ता चुकलंय."

तळं तिथून शंभर पावलांवर, उताराला, डोळ्यांसमोर होतं. सगळी घरं सारखी दिसतात म्हणून हा गृहस्थ सुरुवातीचे दोन महिने दुसऱ्यांच्या ड्राइव्हवेत गाडी लावत होता. तो कासवाला रस्ता चुकलं म्हणत होता.

मी खाली पाहिलं. लॉनच्या कडेला मुठीएवढा खड्डा होता, माती ओली आणि नुकतीच उकरलेली. कासवाच्या मागच्या पायांना तीच माती. हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. आमच्याकडे गावाच्या कडेला गोड्या पाण्याचं तळं असतं, त्याला बावखल म्हणतात. त्याच्या काठावर असंच एक कासव उकरत बसलेलं दिसलं, तेव्हा बाबांनी मला हाताला धरून लांबून नेलं होतं. "अंडी घालतंय," एवढंच म्हणाले.

"अगं, ते अंडी घालायला आलंय," मी समोरचीला म्हणाले. "ठेव खाली."

"खरंच? मग तर इथे नकोच. कुत्री फिरतात, गाड्या येतात. मी सेफ ठेवते तिला. उद्या पूजा आहे आमच्याकडे, सगळ्यांना दाखवू आणि मग सोडू. तू पण ये हं जेवायला."

मी पुन्हा सांगू शकले असते. जरा आवाज चढवून सांगितलं असतं तर तिने ऐकलंही असतं, ती तशी ऐकणारी आहे. पण तिच्या कुर्त्यावरचा तो डाग, हातातलं ते कासव आणि चेहऱ्यावरचं ते मातृत्व पाहून मला वाटलं, जाऊ दे, बस त्याला घेऊन. ट्रेनची वेळ झाली होती. मी गाडीत बसून स्टेशनला गेले.

रविवारी मागच्या अंगणात मुलांचा डुंबायचा प्लास्टिकचा पूल मांडला होता. निळा, तळाला माशांची चित्रं. त्यात गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढं पाणी, लेट्यूसची पानं आणि कोणीतरी टाकलेली कोथिंबीर. हे कासव मासे-किडे खाणारं. ते पुलाच्या भिंतीला धरून गोल गोल फिरत होतं आणि नखांनी प्लास्टिक खरवडत होतं. चारी बाजूंनी फोन. समोरची प्रत्येक पाहुण्याला सांगत होती, "आपणहून आली गं आमच्याकडे."

मी श्रीखंड दोनदा घेतलं.

जेवणं होत आली असताना एक लहान मुलगी आत येऊन आईला म्हणाली, "ममी, देअर आर एग्ज इन द पूल."

सगळे बाहेर धावले. तळाच्या माशांवर सात पांढरी अंडी पडली होती. टाळ्या वाजल्या. कोणी म्हणालं, पूजेच्या दिवशी म्हणजे फारच शुभ. समोरचीने ग्रुपवर फोटो टाकला. मी बशी ठेवली, बाजूला गेले आणि वन्यप्राण्यांना मदत करणाऱ्या लोकांचा नंबर शोधून फोन केला.

तासाभरात एक गोरी बाई आली. सत्तरीची असेल, पायात चिखलाचे गमबूट, हातात टॉवेल. तिने पुलात पाहिलं आणि विचारलं, ही पाण्यात कधीपासून आहे. काल दुपारपासून, असं कळल्यावर ती सावकाश बोलली. मादी कोरड्या जागेची वाट बघत अंडी धरून ठेवते. जागा मिळालीच नाही, तर शेवटी पाण्यात टाकते. अंड्याच्या आतलं पिल्लू कवचातून श्वास घेतं, पाण्यात ते बुडून मरतं. यातलं काही राहिलं असेल असं तिला वाटत नव्हतं. आवाज तिने अजिबात चढवला नाही.

मग तिने विचारलं, "तिला खणताना कोणी पाहिलं होतं का?"

सगळे समोरचीकडे बघू लागले.

"खड्डा मी पाहिला होता," मी म्हणाले. "मला कळलं होतं."

"मग?"

"मी शिफ्टला गेले."

तिने मान हलवली आणि अंडी एकेक करून डब्यात ठेवायला घेतली. कासव तिने तळ्याच्या काठावर सोडलं. ते मागे न बघता पाण्यात गेलं. पाहुण्यांपैकी एकाने तरीही "बाय" म्हणून हात हलवला.

समोरची स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी राहून रडत होती. फोन तिने कुठेतरी ठेवून दिला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि लिहायला नको वाटतं, पण त्याही वेळी माझ्या डोक्यात तेच आलं: इथे ती रडली.

अंड्यांतलं एकही जगलं नाही, असं त्या बाईने पुढे फोन करून कळवलं. समोरचीने तिलाच विचारून तिच्या मंडळींत नाव घातलं. आता ऑक्टोबर ते डिसेंबर दर शनिवारी सकाळी ती केशरी जॅकेट घालून तळ्याच्या काठाने फिरते. कुठे ताजी उकरलेली माती दिसली की कोल्ह्यांनी अंडी खाऊ नयेत म्हणून त्यावर जाळी ठोकते. नवऱ्यालाही नेते. जॅकेटवर कासवाचा बिल्ला आहे, अर्थातच. खिडकीतून ती जाताना दिसली की माझं नाक अजून मुरडतं.

तिने मला दोनदा बोलावलं. शनिवारी माझी शिफ्ट असते, असं मी सांगितलं. दर शनिवारी नसते. ड्राइव्हवेत उभी असलेली माझी गाडी तिला जाता-येता दिसते. तिने त्याबद्दल कधी विचारलेलं नाही.