शशीकाकांचा शुक्रवारचा अंदाज

स्मृतिलेख म्हटल्यावर तुम्ही चष्मा पुसून, चहा बाजूला ठेवून, जरा गंभीर होऊन बसला असाल. बसा. 'हसतमुख', 'निगर्वी' आणि 'अजातशत्रू' हे तीन शब्द कुठल्या परिच्छेदात येतायत तेही शोधाल. येणार नाहीत. शशीकाका हसतमुख नव्हते, गर्व त्यांना भरपूर होता आणि शत्रू तर सिंगापुरातल्या एकट्या टॅम्पिनीसमध्येच डझनभर होते. का, तर ते दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर अमेरिकन फुटबॉलच्या येत्या सामन्यांचा अंदाज सांगायचे. मराठीत. अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज. कुणी मागितलेला नसताना.

त्यांना जाऊन पाच आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कॉफीच्या रांगेत होतो. रविवारची सकाळ, बरोबर ऑफिसातला मित्र, आणि मी त्याला कॉफीवाल्या आंटीची नक्कल करून दाखवत होतो. फोन वाजला, स्क्रीनवर शशीकाकांचं नाव. काका हॉस्पिटलमध्ये होते, पण आदल्या रात्री दोन चमचे सूप प्यायले होते, म्हणून मी खुशीत होतो. मी त्यांच्याच आवाजात, त्यांच्या शुक्रवारच्या ठरलेल्या वाक्याने फोन उचलला, "नमस्कार मंडळी! ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी मोदकांच्या ऑर्डरी द्याव्यात!" पलीकडून काकूंचा आवाज… "प्रसाद, गेले रे ते."

तर असा मी. नकल्या. हे नाव काकांनीच ठेवलेलं. मी मूळचा बार्शीचा, तिथल्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल हेडमास्तरांसमोरच केल्याबद्दल पाठीवर छडी खाल्लेला. सिंगापूरला नोकरी लागली आणि काका-काकूंच्या फ्लॅटमधली मधली खोली भाड्याने मिळाली. पहिल्याच सोमवारी सकाळी उठून बाहेर आलो तर काका पोह्यांची बशी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर, आणि टीव्हीत हेल्मेटवाले राक्षस एकमेकांच्या अंगावर पडतायत. मी म्हटलं, "काका, ही काय हेल्मेट घातलेली कबड्डी?" त्यांनी टीव्ही बंद केला. सामना चालू असताना! मला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे बघ. मधे उभा आहे तो चेंडू फेकणारा, तो वधूपिता. त्याच्यापुढे पाच भाऊ उभे. समोरून वरपक्ष अंगावर येतोय. चार संधी, दहा यार्ड. तेवढ्यात त्याला कार्य पुढे न्यायचंय. कळलं? नसेल कळलं तर खोली दुसरीकडे बघ."

हे वेड त्यांना लागलं कसं, तेही भांडणातूनच. काका एका अमेरिकन बँकेच्या इथल्या ऑफिसात अकाउंटंट होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये अमेरिकेचा साहेब पहिली दहा मिनिटं फक्त सामन्यांवर बोलायचा, बाकीचे माना डोलवायचे, आणि काका कोपऱ्यात मुके. "मी पुण्याचा माणूस," ते म्हणायचे, "मला न कळणाऱ्या विषयावर कोणीतरी बोलतंय आणि मी गप्प, हा प्रकार मी सहन कसा करायचा?" मग एक अख्खा सीझन त्यांनी वह्या भरून अभ्यास केला, ऑडिटसारखा. आणि एका सोमवारी साहेबाला भर मीटिंगमध्ये सांगितलं की पुढच्या आठवड्यात तुमचा शिकागो हरणार, कारण तुमचा डावीकडचा दुसरा भाऊ लंगडतोय. शिकागो हरला. त्यानंतर साहेब मीटिंग सुरू करताना आधी काकांना विचारायला लागला.

रिटायर झाल्यावर हे सगळं आमच्या ग्रुपवर आलं. ग्रुप कशासाठी, तर गणपती, दिवाळीचा फराळ, आणि पासिर रिसला कोणाचा सोफा विकायचाय, यासाठी. अॅडमिनने तीनदा लिहिलं, 'कृपया विषयाला धरून पोस्ट करावे.' काकांनी तीनदा उत्तर दिलं, 'हाच विषय आहे.' एकदा तर गणपतीच्या मीटिंगमध्ये हात वर करून ठराव आला की फुटबॉल बंद करावा. काका उभे राहिले, म्हणाले, "ठराव मंजूर समजा. शुक्रवारी सहा वाजता भेटू." आणि भेटले! काकांचा एक नियम होता. अंदाज म्हणजे अंदाज. 'सामना चुरशीचा होईल', 'दोन्ही संघांना संधी आहे', असलं एकही वाक्य नाही. प्रत्येक सामन्यात एक जिंकणार, एक हरणार, आणि का, ते एका दमात. "डॅलसची वरात झकास, पण पंगतीत वाढायला कोणी नाही. हरणार." "ग्रीन बेला थंडी लागत नाही, पाहुण्यांना लागेल. जिंकणार." चुकले तर पुढच्या शुक्रवारी पहिलं वाक्य, "मी चुकलो, पुढे चला."

अख्ख्या ग्रुपमध्ये मनापासून ऐकणारा एकच माणूस होता, सबनीस काका. पासिर रिसला राहणारे, तीस वर्षांचे मित्र, आणि कट्टर बफेलोवाले. का, तर तरुणपणी कामासाठी सहा महिने बफेलोला राहिले होते आणि तिथल्या बर्फात एका घरमालकिणीने त्यांना स्वतःचा कोट दिला होता. एवढ्यावर माणूस आयुष्यभर एका संघाचा होतो. काका दर आठवड्याला अंदाजात बफेलोला हरवायचे आणि सबनीस काका पाच मिनिटांत उलट व्हॉइस मेसेज पाठवायचे, शिव्यांसकट. दोघं फोनवर फारसे बोलायचे नाहीत. हेच त्यांचं बोलणं.

मग काकांच्या फुप्फुसांनी दगा दिला. वाक्याच्या मधे श्वास संपायला लागला. एका शुक्रवारी साडेपाचला त्यांनी मला पलंगाजवळ बोलावलं, हातात कागद दिला. वेडंवाकडं अक्षर, पण सोळाच्या सोळा सामने. "नकल्या… तू बोल. माझ्या आवाजात." मी म्हटलं, "काका, लोकांना सांगून टाकू ना, तब्येत बरी नाही म्हणून." त्यांनी डोळे वटारले. "सांगितलं की सबनीस येईल… इथे बसेल… हात धरून रडेल. बफेलोबद्दल एक शब्द बोलणार नाही. मला पेशंट म्हणून… कोणी भेटायला नको." काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खिडकी लावून घेतली, रस्त्यावरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून. असे तीन शुक्रवार. तिसऱ्याला ते हॉस्पिटलमध्ये होते, तरी सोळा निकाल कानात कुजबुजून सांगितलेच, आणि मी जिन्यात उभं राहून रेकॉर्ड केलं. दोन दिवसांनी गेले.

तेरावा शुक्रवारी आला. फ्लॅटमध्ये वीस-पंचवीस माणसं, श्रीखंड-पुरी, आणि मग भाषणं. ज्यांनी हात वर करून फुटबॉल बंद केला होता तेच 'खेळकर', 'दिलदार', आणि हो, 'अजातशत्रू' म्हणत होते. मी पाणी वाढत होतो. सबनीस काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर, ताटाला हात न लावलेला. एकदम मोठ्यांदा म्हणाले, "मला एक कळत नाही. शेवटच्या शुक्रवारपर्यंत खणखणीत आवाज होता त्याचा! मी ऐकलाय. दोन दिवसांत असा धडधाकट माणूस जातो? त्या डॉक्टरांनीच काहीतरी घोळ घातलाय. मी तक्रार करणार आहे. लेखी." दोन-तीन माना डोलल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. घड्याळात सहा वाजत होते.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते मला नंतर सगळ्यांनी समजावलंय. बाजूला घेऊन, हळू आवाजात, नीट सांगायला हवं होतं म्हणे. मी तांब्या खाली ठेवला आणि तिथेच, श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी उभा राहून सुरू केलं, "नमस्कार मंडळी! ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी मोदकांच्या ऑर्डरी द्याव्यात!" एका काकूंच्या हातातून पुरी पडली. "अरे लाज आहे का नाही?" कोणीतरी म्हणालं. अॅडमिनच्या मुलाने मोबाईलमधून मान वर केली, "Wah, same-same lah!" त्याला आईने चापटी मारली. एक गृहस्थ माझा दंड धरायला पुढे आले तेव्हा काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "होऊ दे त्याचं पूर्ण." मग मला कोण अडवतंय! त्या आठवड्याचे सगळे सामने घेतले, कागद नव्हता, निकाल माझे होते, पण एकदाही 'चुरशीचा' म्हटलं नाही. बफेलोला हरवलं. सहा वाजून अकरा मिनिटांनी थांबलो. तुम्हाला हे विचित्र वाटत असेल तर वाटू दे. त्या दिवशी त्या घरात फुटबॉल बोलणारा एकही माणूस नसता तर काका त्या खोलीत नव्हतेच, होता तो कोणीतरी फोटोतला सज्जन. मी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही.

सबनीस काका मात्र पांढरेफटक पडले होते. उठले, मला मनगटाला धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं, चपलांच्या रॅकपाशी. "तीन आठवडे?" म्हणाले. मी हो म्हटलं. "त्यानं सांगितलं होतं?" हो. "म्हणजे आवाज तुझा, निकाल त्याचे." हो. कठड्याला धरून खाली बघत राहिले. मग म्हणाले, "त्या शेवटच्या शुक्रवारी मी उलट काय पाठवलं होतं, आठवतंय?" मला आठवत होतं. 'शश्या, तुझं डोकं सडलंय, बफेलो हरेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस.' बफेलो जिंकला होता. सोमवारी. काका रविवारी गेले.

"ते… त्याला ऐकवलं होतंस?"

"ऐकवलं ना. दोनदा. दुसऱ्यांदा त्यांनीच मागितलं. इतके हसले की ठसका लागला, नर्स धावत आली आणि काकू मला ओरडल्या."

"हसला?"

"पोट धरून. म्हणाले, सबनीस अजून फॉर्मात आहे."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मला वाटलं आता हे मला जवळ घेणार. त्याऐवजी असे ओरडले की समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी दार उघडून बाहेर आल्या. "तेरा दिवस, गधड्या! तेरा दिवस! रोज रात्री तेच वाक्य छातीवर घेऊन झोपतोय मी, की मित्राला शेवटचं काय बोललो तर तोंड दाखवू नकोस! आणि तुला माहीत होतं तो हसला ते? अख्ख्या जगाचे आवाज काढतोस मेल्या, आणि स्वतःच्या आवाजात मला एक फोन करता आला नाही?"