ऐन उन्हातली पोपटी साडी

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. रंग उडू नये म्हणून त्या सगळे कपडे उलटे करून सावलीत घालतात. एक भडक पोपटी साडी मात्र सुलट, ऐन उन्हात. जालन्याच्या उन्हाला इतकं मनापासून कामाला लावणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. शेवटी विचारलंच. तोंडातला चिमटा काढून म्हणाल्या, "नणंदेचा आहेर हाय, ताई. कोणाला देता येत न्हाई, फाटत तर बिलकुल न्हाई. मंग रंग तरी जाऊ द्या."

भाऊबीजेला नणंद गच्चीवर आली. विटलेल्या साडीला हात लावून गहिवरली. "वहिनी, किती नेसली वं ही."

सध्या समोर ऐन उन्हात नवी साडी असते. पोपटीच.