स्थिर आवृत्तीच्या ताई

“नवीन हाय, बरा हाय. पन मागितला कोनी?” चष्मा कपाळावर सरकवत ताई असं म्हणाल्या, की समजायचं, आपलं अपडेट बारगळलं.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच, ज्याच्यामुळे प्रगती खोळंबते. आमच्या पनवेलच्या ऑफिसात त्या बेलपाड्याच्या ताई होत्या. आम्ही रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. तिथे रोज चालणाऱ्या स्थिर आवृत्तीत कोणता बदल जाणार, हे ताई ठरवायच्या. त्यांचं धोरण अर्ध्या पानाचं. सुरक्षेचं भोक असेल तर बुजवा, गंभीर चूक असेल तर दुरुस्त करा, बाकी सगळं पुढच्या आवृत्तीत. अर्ध्याच पानाचं असल्यामुळे साहेबांना ते धोरण वाटतच नसे.

मी तेव्हा फार हुशार होतो. लेबल छापणाऱ्या पॅकेजची नवी आवृत्ती आली होती, अक्षरं अगदी देखणी. ताईंनी नाकारली. “जुन्यानं कोनाचा काय अडलाय?” मग त्या पुतण्याच्या हळदीसाठी रजेवर गेल्या आणि मी थेट साहेबांची सही घेतली. अर्जात ‘बिघडलं तर मागे कसं जाणार?’ असा रकाना होता. तो मी मोठ्या आत्मविश्वासाने रिकामा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका रक्तपेढीतल्या टेक्निशियन बाईंचा फोन आला. पिशव्यांवरच्या लेबलांतून रक्तगटापुढची निगेटिव्हची खूण गायब होती. अक्षरं मात्र देखणीच होती. बाईंच्या वेळेवर लक्षात आलं, म्हणून कोणाला चुकीचं रक्त चढलं नाही.

ताई हळदीतून उठून आल्या. गालांना, कोपरांना हळद तशीच. तासाभरात त्यांनी जुनं पॅकेज परत बसवलं आणि एकेका रक्तपेढीला स्वतः फोन लावला. “कालची लेबलं काढून टाका. हां, सगली. चूक आमची हाय.” ‘आमची’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

ऑफिसने अर्थातच धडा घेतला. समिती नेमली, धोरण वीस पानांचं केलं आणि ‘नावीन्याला पोषक नाहीत’ म्हणून ताईंना जुन्या फायली लावायला बसवलं. त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभात साहेब चांगलेच गहिवरले. समितीवर मला घेतलं. अनुभव होता ना.

परवा त्याच टेक्निशियन बाईंचा फोन आला. “नवीन अपडेट आलंय. टाकायचं का, ताईंना विचारायचं होतं.”

“ताई आता इथे नसतात. अपडेट मी मंजूर केलंय.”



“मग राहू दे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.